सव्वीस सेंटिमीटरचा काळा थर

साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर पेपरवेट, पंचिंग मशीन, चष्म्याचं घर आणि स्वतःचं कोपर ठेवलं, तेव्हाच सर्वेक्षिकेनं मनात घरचे दिवस मोजायला घेतले. मृदा सर्वेक्षण कार्यालयात नकाशा पसरला की कुणाला तरी घर सोडावं लागतं, हा तिचा सहा वर्षांचा अनुभव होता. आणि साहेबांचे गुडघे दुखतात, हा त्याहून जुना.

नकाशा जवळजवळ सगळा रंगवून झाला होता. फक्त डोंगराकडचा एक पट्टा पांढरा होता. तिथल्या मातीचा वरचा थर काळा, आम्ल आणि पालापाचोळा कुजून सकस झालेला असावा, असा आधीच्या सर्वेक्षकाचा अंदाज होता. पण अंदाजावर रंग भरता येत नाही. कुणीतरी जायचं, खड्डा घ्यायचा, थराची जाडी मोजायची, रंग आणि आंबटपणा नोंदवायचा, आणि मुख्य कार्यालयातल्या तपासनीस बाईंना तो उघडा खड्डा दाखवायचा. त्यांनी मान हलवली की मग रंग.

"आठ दिवसांचा कॅम्प. सोमवारपासून," साहेब म्हणाले.

"घरी बाळ आहे, सर."

"माहितेय. रजेच्या अर्जावर मीच सही केली होती."

बाळ अकरा महिन्यांचं होतं. दिवसभर स्वतःभोवती फिरत असे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरीचं खाणंपिणं आजीकडे बिनबोभाट चाले, पण झोप मात्र आईच्या ताब्यात होती. आईच्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. उजव्या कानाची चालत नसे. बापानं एकदा तासभर आपला कान देऊन पाहिला. भिंगरीनं तो चिमटीत धरला, दोन बोटांत चुरला, थोडा विचार केला आणि नापास केला. सासूबाईंच्या कानात कुडी होती. म्हणजे आठ दिवसांचा कॅम्प हा आठ दिवसांच्या जागरणाचा हुकूम होता. तोही तिच्यावाचून, तिकडे घरात. हे आठवलं तरी तिच्या डाव्या कानाला मुंग्या यायच्या.

जागेवर येऊन ती बसली, उठली, पुन्हा बसली. मग तिनं नकाशाची प्रत काढली आणि त्या पांढऱ्या पट्ट्याकडे इतका वेळ टक लावून पाहिलं की तो हलल्यासारखा वाटला. आधीच्या सर्वेक्षकाला जाड पेन्सिल वापरायची सवय होती. त्यानं पट्ट्याची कड ओढली होती ती रेघच जमिनीवर अर्धा किलोमीटर रुंद भरत होती. आणि त्या रेघेच्या अगदी आतल्या काठावर एक ठिपका होता. तो ठिपका म्हणजे हेच कार्यालय. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर आपण आत्ता पट्ट्यातच बसलो आहोत, असं तिच्या मनात आलं. काटेकोरपणाचा असा उपयोग तिनं पूर्वी कधी केला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती मातीत भोक पाडायचं गिरमिट घेऊन बाहेर पडली. इमारतीच्या पुढे तांबडी माती निघाली. डाव्या बाजूला तांबडी, तीही खडीची. उजवीकडे वाहनं लावायची जागा, तिथं गिरमिट शिरेचना. मग ती मागच्या बाजूला गेली, जिथं भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी होती आणि कुणाचं काहीच काम नसे. तिथं तिनं गिरमिट फिरवलं, वर ओढलं, आणि गुडघे टेकून पाहिलं.

माती काळीभोर होती.

तिनं हातानं छोटा खड्डा घेतला. ढेकूळ मोडलं, ते बोटांत भुसभुशीत विरघळलं. पाण्याचे दोन थेंब टाकून तिनं ओल्या मातीचा रंग पाहिला. सर्वेक्षकांकडे रंगपुस्तक नावाचं एक पुस्तक असतं. त्याच्या पानापानावर रंगाचे चौकोनी तुकडे आणि शेजारी भोकं. सूर्य पाठीशी घ्यायचा, माती भोकामागे धरायची आणि कुठल्या तुकड्याशी जुळते ते पाहायचं. ही माती शेवटून दुसऱ्या, जवळजवळ सगळ्यात गडद तुकड्याशी जुळली. वाळवून पाहिली तरी फार उजळली नाही. आंबटपणा पाहायची कागदाची पट्टी ओल्या मातीत बुडवली, ती आम्ल निघाली. जाडी सव्वीस सेंटिमीटर. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं सगळं एका मातीत असावं असं क्वचित होतं. इथं सगळं होतं, आणि घरापासून बसनं वीस मिनिटांवर होतं.

नोंदपत्रकाचे रकाने ती भराभर भरत गेली. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. 'थराची खालची सीमा.' काळा थर संपून खालची तांबडी माती कशी सुरू होते, ते तिथं लिहायचं असतं. निसर्गात अशा थराची सीमा बहुधा हळूहळू बदलत जाते. काळं, मग तपकिरी, मग तांबूस. इथं काळं एकदम संपत होतं आणि तांबडं एकदम सुरू होत होतं, सुरीनं कापल्यासारखं. तिनं सुरी आडवी धरून पाहिली, उभी धरून पाहिली. मग तिला भिंगरीची चिमटी आठवली, आणि तो रकाना नंतर भरू असं ठरवून तिनं कागदाची घडी घातली.

साहेब ऐकताना खुर्चीतून अर्धे उठले, जे ते गुडघ्यांमुळे कुणासाठीच करत नसत. ते स्वतः मागे जाऊन खड्डा पाहून आले, आणि येताना चालण्यात एक हलकेपणा होता. कॅम्प रद्द झाला. तपासनीस बाईंना फोन गेला. त्यांचं शुक्रवारी यायचं ठरलं. मग साहेबांनी खड्ड्याभोवती दोरी बांधायला लावली, 'संरक्षित नमुना' अशी पाटी ठोकायला लावली, आणि वर पाहिलं तर दोरीच्या थेट डोक्यावर चहाच्या खोलीची खिडकी उघडी होती. वरून काही पडलं तर नमुना बिघडेल म्हणून त्यांनी ती खिडकी बाहेरून फळी ठोकून बंद करायला लावली.

चहाच्या खोलीत मावशी होत्या. त्या अकरा वर्षं त्या कार्यालयाचा चहा करत होत्या आणि तेवढीच वर्षं त्यांच्यावर एक ठपका होता. कार्यालयातले चमचे हरवत. मागच्या वर्षी साहेबांनी सूचनाफलकावर चमच्यांविषयी एक कागदही लावला होता. त्यात मावशींचं नाव नव्हतं, पण तो चहाच्या खोलीच्या दारासमोरच लावला होता.

फळी ठोकताना मावशी साहेबांना काही सांगायला गेल्या. शास्त्रीय कामात मध्ये बोलू नये, असं साहेबांनी त्यांना समजावलं. दुपारी त्या पुन्हा गेल्या, तेव्हा साहेब फोनवर होते. मग त्या सर्वेक्षिकेकडे आल्या.

"ताई, त्या खिडकीचं जरा..."

"मावशी, शुक्रवारपर्यंतच. तुमच्या पाया पडते."

"माझ्या नका पडू. खिडकी नाही तर वाफ कुठं जाणार? मी काय त्यात उकडू?" मावशींनी पदर खोचला. "खिडकी नाही तर चहा नाही."

बुधवारी चहा नव्हता. गुरुवारीही नव्हता. प्रयोगशाळेतल्या सहायकानं सकाळपासून तीन काचनळ्या फोडल्या आणि तिन्हींचा दोष हवामानाला दिला. टंकलेखिका एकच पत्र चारदा छापत होती. साहेब रिकामा कप हातात घेऊन खिडकीशी उभे राहत, कप तोंडाला लावत आणि आत पाहून खाली ठेवत. साऱ्या कार्यालयात कुणी पाच मिनिटं एका जागी बसत नव्हतं. सर्वेक्षिकेला मात्र हे चहामुळे होतंय की तिच्या खिशातल्या कोऱ्या रकान्यामुळे, ते कळेना. तो रकाना आज भरू, आता भरू, असं करत तिनं दोन दिवस काढले. गुरुवारी ती नोंदपत्रक आणि रंगपुस्तक दोन्ही घरी घेऊन आली.

घरी सासूबाईंनी चहा केला होता. दिवसभरानंतरचा पहिला घोट घेऊन तिनं डोळे मिटले. भिंगरी तिच्या पायांभोवती फेऱ्या मारत होती. सासूबाई गाळणी घेऊन गॅलरीत गेल्या आणि मोगऱ्याच्या कुंडीच्या काठावर त्यांनी ती तीनदा ठोकली. ठक, ठक, ठक.

सर्वेक्षिकेनं डोळे उघडले.

ती कप घेऊनच गॅलरीत गेली. कुंडीतली वरची माती काळीभोर होती. तिनं चिमूटभर उचलली. बोटांत भुसभुशीत विरघळली. ती आत जाऊन रंगपुस्तक घेऊन आली आणि सूर्य पाठीशी घेऊन गॅलरीत उकिडवी बसली. पान तेच. शेवटून दुसरा तुकडा.

"काय गं, काय हरवलं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, हा चहाचा चोथा तुम्ही केव्हापासून टाकताय?"

"तुझं लग्न व्हायच्या आधीपासून. मोगऱ्याला आंबट माती मानवते."

तिनं चमच्याच्या दांड्यानं कुंडीच्या कडेची माती खरवडली. काळं एकदम संपलं आणि तांबडं एकदम सुरू झालं, सुरीनं कापल्यासारखं. मग तिला चहाच्या खोलीची खिडकी आठवली, मावशींचा पदर आठवला, अकरा वर्षं आठवली. ती तशीच बसून राहिली. सासूबाई म्हणाल्या की माती एवढी आवडली असेल तर कुंडी ऑफिसात घेऊन जा, पण तोंड तेवढं नीट कर, पोर घाबरेल.

त्या संध्याकाळी भिंगरीनं नेहमीसारखी डाव्या कानाची पाळी धरली, चुरली, पास केली आणि झोपली. तिच्या मुठीकडे पाहत आईनं दोन्ही बाजूंनी विचार केला. उद्या गप्प राहिलं तर हा कान घरात राहील. बोललं तर सोमवारी कॅम्प. आणि गप्प राहिलं तर डोंगराचा सगळा पट्टा चहाच्या चोथ्यावरून रंगेल, पुढची पन्नास वर्षं लोक तो नकाशा बघून झाडं लावतील, आणि खाली सही आपली असेल. भिंगरी मोठी होऊन तो नकाशा शाळेत उघडेल, इथपर्यंत विचार गेला तेव्हा तिनं तो थांबवला.

शुक्रवारी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून भिंगरी ऑफिसात आली. पोरीला कडेवर घेऊन ती थेट साहेबांच्या खोलीत शिरली. साहेबांनी नवा शर्ट घातला होता आणि ते पुन्हा रिकाम्या कपात बघत होते.

"सर, तो थर खरा नाही."

"खोटा थर कसा असेल? मी स्वतः हात लावलाय."

तिनं खिडकी, गाळणी आणि कुंडी असा सगळा हिशोब मांडला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि हे आपण तपासणीनंतर सविस्तर बोलू, असं सांगितलं. तिनं तपासणीच्या आधीच बोलू असं म्हटलं. साहेब गुडघ्यावर हात ठेवून उठत असताना टंकलेखिका दारात आली. तपासनीस बाई अर्ध्या तासापूर्वीच आल्या होत्या. त्यांची पद्धत आधी खड्डा, मग खोली अशी होती.

दोघं धावली. म्हणजे ती धावली, साहेब निघाले.

तपासनीस बाई निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या, ठेंगण्या, उन्हानं रापलेल्या, कमरेला सुरी लावलेल्या बाई होत्या. त्यांनी खड्डा दुप्पट मोठा केला होता आणि त्या काठाशी मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. सर्वेक्षिकेनं नोंदपत्रक दिलं आणि बाईंनी मोजपट्टीचं टोक धरायला सांगितलं म्हणून भिंगरीला खाली ठेवलं. बाई एकेक रकाना वाचत गेल्या. रंग, बरोबर. आंबटपणा, बरोबर. जाडी, त्यांनी मोजली, सव्वीस. मग बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं.

"हा कोरा का?"

सर्वेक्षिकेनं तोंड उघडलं. त्याच क्षणी भिंगरीनंही उघडलं आणि त्यात मूठभर नमुना कोंबला. आईनं बोट घालून तो काढेपर्यंत निम्मा गेला होता. पोरगी रडली नाही. ती चघळत होती, आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

तपासनीस बाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. जुन्या सर्वेक्षकांना मातीचा कण दातांत धरून तिचा बारीकपणा जोखायची सवय असते. त्यांनी चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली, पुढच्या दातांत चावली. सगळे थांबले. बाईंनी डोळे मिटले.

"चहात वेलची कोण घालतं इथं?"

वरच्या खिडकीच्या फळीमागून आवाज आला, "मी. दर शुक्रवारी."

मावशींना खाली बोलावलं गेलं. त्या पदराला हात पुसत आल्या आणि खड्ड्यात डोकावल्या. पुढचा पाऊण तास कार्यालयाला माहीत नसलेला कार्यालयाचा इतिहास बाहेर पडत राहिला. मावशींनी काडीनं थर दाखवले. हा वरचा, पानं जाड, म्हणजे चहाचा दुकानदार बदलला तेव्हाचा. हा फिकट पट्टा, म्हणजे साहेबांना डॉक्टरनं चहा बंद केला होता ते चार महिने. साहेब म्हणाले, बंद नव्हता केला, कमी केला होता. मावशी म्हणाल्या, मातीत दिसतंय ना.

मग तपासनीस बाईंची सुरी कशावर तरी खटकन आपटली. एक चमचा निघाला. थोडं खाली दुसरा. तळाशी पोहोचेपर्यंत नऊ निघाले. गाळणीबरोबर जे निसटत होते ते सगळे तिथं होते, क्रमानं. सगळ्यात खालच्याची दांडी वाकडी होती, आणि ती आधीच्या साहेबांनी रागानं वाकवल्याचं टंकलेखिकेनं ओळखलं. मावशींनी एकेक चमचा पदरानं पुसला आणि साहेबांच्या हातात ठेवला. साहेब नऊ चमचे हातात घेऊन उभे राहिले, आणि ते कुठं ठेवायचे हे त्यांना कळेना. शेवटी ते आत गेले. परत आले तेव्हा हातात चमच्यांबरोबर सूचनाफलकावरचा तो कागदही होता, चार घड्या घातलेला.

"मावशी, फळी काढायला सांगतो," ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढी माफी पुष्कळ होती.

तपासनीस बाईंनी हात झटकले. थर उत्तम आहे, पण तो डोंगरानं केलेला नाही, मावशींनी केलेला आहे, असं त्यांनी नोंदवलं. मग त्या सर्वेक्षिकेकडे वळल्या.

"तुम्हाला सीमा दिसली होती."

"हो."

"मग लिहिली का नाही?"

"लिहिली असती तर कॅम्पला जावं लागलं असतं." तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे बोलणं सोपं गेलं. "हिला माझा कान लागतो. झोपताना. हाच, डावा."

तिनं काही पुढे सांगायच्या आत भिंगरीनं जांभई दिली. झोपेची वेळ झाली होती, आणि आईचे दोन्ही हात मातीनं भरलेले होते. तपासनीस बाईंनी हात पुसून पोरीला उचललं. भिंगरी त्यांच्या खांद्यावर टेकली, हात वर गेला, आणि चिमटीत त्यांच्या डाव्या कानाची पाळी आली. भिंगरीनं पाळी धरली. दोन बोटांत चुरली. थोडा विचार केला. आणि झोपली.

बाई पाऊण तास जागच्या हलल्या नाहीत. साहेबांनी मुकाट्यानं नऊ चमच्यांपैकी एक धुऊन आणला, मावशींनी चहा आणला, आणि सर्वेक्षिकेनं बाईंना तो चमच्याचमच्यानं पाजला, कारण त्यांना मान वळवायची सोय नव्हती. तेवढ्या वेळात बाईंनी, ओठ न हलवता, कॅम्पचं ठरवून टाकलं. डोंगरावर बंगला आहे, खोल्या कोरड्या आहेत. बाळ येईल. आजींचे डोळे तपासून झाले की त्याही येतील. मावशी येतील, वेलचीसह. साहेबही येतील, त्यांच्यासाठी खुर्ची येईल. आणि दुसरा कान म्हणून त्या स्वतः येतील.

सोमवारी सगळ्यांच्या आधी तयार होत्या त्या सासूबाई, नव्या चष्म्यात, मोगऱ्याच्या कुंडीला आठ दिवस पुरेल एवढं पाणी घालून.

खरा थर तिसऱ्या दिवशी सापडला. एकेचाळीस सेंटिमीटर. काळा, आम्ल, आणि खाली जाताना इतका सावकाश तांबूस होत जाणारा की सर्वेक्षिकेला पट्टी तीनदा सरकवावी लागली. शेवटच्या रकान्यात तिनं 'हळूहळू' असं ठळक लिहिलं, आणि मग उगाचच ते पुन्हा एकदा गिरवलं. तपासनीस बाईंना खड्ड्यात उतरून सही करायची होती, पण त्यांच्या खांद्यावर भिंगरी नुकतीच झोपली होती, कान पकडून. म्हणून त्या काठावर ताठ उभ्या राहून कुजबुजत प्रश्न विचारत होत्या आणि सर्वेक्षिका खालून कुजबुजत उत्तरं देत होती.

तेवढ्यात बंगल्याच्या दारात मावशी आल्या. हातात गाळणी.

"ताई," त्या कुजबुजल्या, "कुठं टाकू?"

सर्वेक्षिकेनं चौफेर पाहिलं. जिकडे पाहावं तिकडे डोंगरभर तोच थर होता.

तेव्हा खुर्चीत बसलेल्या साहेबांनी पायाशी ठेवलेली बादली पुढे सरकवली. बादलीला चिठ्ठी चिकटवलेली होती, त्यांच्याच अक्षरात: 'चहाचा चोथा. मातीत मिसळू नये.' मावशींनी काठावर गाळणी ठोकली. ठक, ठक.

तिसऱ्या ठोक्याला बादलीत काहीतरी टणकन वाजलं. साहेबांनी मावशींकडे पाहिलं, मग शर्टाची बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात आत घातला.